कल्ल्यांतली वंशावळ: सागरी माशांचे परजीवी चपटकृमी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते प्राणिशास्त्राचे शिक्षक होते आणि माशापेक्षा माशाच्या आतल्या जगात त्यांचा जीव अधिक रमायचा. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. मासे खाणाऱ्या घरांत हा विषय निघाला की कपाळाला आठी पडते, हे मला माहीत आहे. तासाभरानं ती आठी उरणार नाही, एवढं आश्वासन देऊन सुरुवात करतो.

मोठी, ताजी सुरमई घ्या. कल्ल्याचं झाकण उचललं की आत लालभडक कमानी दिसतात. त्यातली एक कमान मुळापासून कापायची, समुद्राचं पाणी घातलेल्या काचेच्या ताटलीत ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक तंतू बाजूला सारत जायचं. घाई करणाऱ्याला काहीही दिसत नाही. सावकाश पाहणाऱ्याला एखाद्या तंतूवर काही मिलिमीटर लांबीची मळकट पांढरी पट्टी दिसते आणि ती लांब-आखूड होते आहे हे लक्षात येतं. तिच्या अंगातून काळपट फांद्या गेलेल्या असतात. ते तिचं आतडं, आणि तो काळेपणा म्हणजे पचलेल्या रक्ताचा उरलेला गाळ. पट्टीच्या मागच्या टोकाला दोन ओळींत बारीक बारीक चिमटे असतात. प्रत्येक चिमट्याला वळलेल्या कठीण कमानी आणि त्या आवळणारा स्नायू. कल्ल्यातली एकेक नाजूक पापुद्रेवजा घडी एकेका चिमट्यानं धरलेली असते. पोहणाऱ्या सुरमईच्या तोंडातून कल्ल्यांवर पाण्याचा जो लोट येतो, त्यात हा प्राणी जन्मभर तग धरून राहतो. याचं नाव प्राइसिया मल्टे. बी. एस. चौहान यांनी १९४५ साली, भारतातल्या सागरी माशांवरचे कृमी नोंदवताना, ते दिलं.

या प्राण्याचे नातेवाईक कोण? हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या पकडीकडे बघून दिलं गेलं. आकडे आहेत की चिमटे, चूषक आहेत की खाचा, किती आहेत, कुठे आहेत. मला आज मांडायचं आहे ते असं की पकड ही गरजेनं घडते. रक्ताचं नातं तिच्याखाली दडलेलं असतं, कधी तिच्याशी जुळतं, कधी अजिबात जुळत नाही. ते शोधायचं तर कृमी, तो ज्या माशात सापडला तो मासा आणि कृमीचा डीएनए या तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या राहिल्या पाहिजेत. आपल्याकडे त्यांची ताटातूट झाली आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

माशांवर आणि माशांत राहणारे चपटकृमी ढोबळमानानं तीन तऱ्हेचे. पहिले, सुरमईवरच्यासारखे, कातडीवर किंवा कल्ल्यांवर राहणारे. अंड्यातून पोहणारी अळी निघते आणि थेट पुढच्या माशावर जाऊन बसते. यांना मोनोजेनिया म्हणतात. दुसरे पर्णकृमी, म्हणजे डायजेनिया. यांचं आयुष्य दोन-तीन प्राण्यांत वाटलेलं असतं आणि त्यातला पहिला बहुतेक वेळा शंख-शिंपल्यांपैकी असतो. तिसरे पट्टकृमी, ज्यांना तोंडही नाही आणि आतडंही नाही. सगळं अन्न कातडीतून शोषायचं.

दिसायला आणि वागायला इतक्या वेगळ्या असलेल्या या तिघांना एका घरात बसवणारी खूण १९८५ साली उलरिख एहलर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी ठळकपणे मांडली. तिघांच्याही अळ्या पोहतात तेव्हा अंगावर केसाळ पेशींचं आवरण असतं. यजमानाशी, म्हणजे ज्याच्या जिवावर जगायचं त्या प्राण्याशी, गाठ पडली की ते आवरण गळून पडतं आणि खालून नवी कातडी येते. ही कातडी एकसंध असते, पेशी-पेशींत भिंती नसतात, आणि तिची केंद्रकं खाली खोल दडवलेली असतात. यजमानाच्या रोगप्रतिकारशक्तीपासून बचाव, अन्नाचं शोषण, दोन्ही या कातडीच्या जिवावर. एहलर्स यांनी या घराण्याला निओडर्माटा, म्हणजे नव्या कातडीचे, असं नाव दिलं. या खुणेचा अर्थ फार मोठा आहे. हे तिन्ही गट स्वतंत्रपणे परजीवी झालेले नाहीत. एका पूर्वजानं एकदाच हे पाऊल टाकलं आणि त्याच्या वंशजांनी पृथ्वीवरचे जवळपास सगळे पृष्ठवंशीय प्राणी व्यापले. २०१५ साली जनुकांच्या मोठ्या संचावरून स्वच्छंद, म्हणजे परजीवी नसलेल्या, चपटकृमींची वंशावळ पुन्हा मांडली गेली, तेव्हा या घराण्याचा सर्वांत जवळचा स्वच्छंद भाऊबंद म्हणून पुढे आला बोथ्रिओप्लाना सेम्पेरी, गोड्या पाण्यात राहणारा एक क्षुल्लक वाटणारा कृमी. मला स्वतःला ही बातमी वाचून झालेला आनंद अजून आठवतो.

हे पाऊल किती जुनं? ब्राझीलमध्ये पर्मियन काळातल्या, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या, शार्कच्या दगड झालेल्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी सापडली. २०१३ साली तो शोध प्रसिद्ध झाला. एका अंड्यात तर वाढत्या अळीचे आकडेही ओळखता आले. डायनोसॉर यायच्या आधीपासून शार्कच्या पोटात पट्टकृमी आहेत.

आता पकडीकडे येऊ. १८५८ साली बेल्जियमच्या व्हान बेनेदेन यांनी एका यजमानावर भागवणारे आणि अनेक यजमान लागणारे असे दोन भाग पाडले, पण दोघेही पर्णकृमींच्या एकाच वर्गात राहिले. कित्येक पाठ्यपुस्तकांत ते विसाव्या शतकातही तसेच होते. याला पहिला मोठा धक्का अळ्यांनी दिला. पट्टकृमीच्या अळीला सहा आकडे असतात. जायरोकॉटाइली या विचित्र, आदिम पट्टकृमीच्या अळीला दहा. मोनोजेनियाच्या अळीच्या मागच्या टोकाला चौदा ते सोळा. पर्णकृमीच्या अळीला एकही नाही. पोलंडचे यानित्स्की यांनी १९२० साली या आकड्यांच्या शेपटासारख्या अवयवावरून एक मांडणी केली, आणि रशियाचे बिखोव्स्की यांनी १९३७ साली ती पुढे नेत ठामपणे सांगितलं की कल्ल्यांवरचे कृमी पर्णकृमींचे नव्हे, पट्टकृमींचे सख्खे आहेत. त्यांना स्वतंत्र वर्ग द्या. बिखोव्स्कींचा १९५७ चा ग्रंथ या विषयातल्या प्रत्येकाला वाचावाच लागतो. आकड्यांचा हा युक्तिवाद इतका देखणा होता की दोन पिढ्या त्यावर वाढल्या.

डीएनए आला आणि हा देखणा युक्तिवाद डळमळला. २००७ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी मायक्रोकॉटाइली सेबॅस्टिस या रॉकफिशच्या कल्ल्यांवरच्या कृमीचा मायटोकॉन्ड्रियातला संपूर्ण जीनोम वाचला. त्यांच्या वंशावळीत पर्णकृमी आणि पट्टकृमी एकमेकांशेजारी बसले. हे खरं असेल तर अनेक यजमानांतून फिरणारं गुंतागुंतीचं आयुष्य दोनदा नव्हे, एकदाच निर्माण झालं, आणि अळीचे आकडे ही सगळ्या घराण्याची जुनी ठेव ठरते, जी पर्णकृमींनी गमावली. एक अवयव गमावलेला प्राणी आणि तो अवयव कधीच नसलेला प्राणी नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, ही वर्गीकरणातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट अडचण.

त्याहून मोठी उलथापालथ खुद्द मोनोजेनियात झाली. मागचा अवयव एकसंध आणि आकड्यांचा, कातडीचं खाद्य खाणारे, हा एक गट. मागे अनेक चिमटे किंवा चूषक, रक्त पिणारे, हा दुसरा. सुरमईवरचा आपला प्राइसिया या दुसऱ्या गटातला. दोन्ही गट एकाच मोनोजेनिया घराण्याच्या शाखा, असं शंभर वर्षं मानलं गेलं. नव्वदच्या दशकापासून रायबोसोमच्या जनुकांनी त्याबद्दल शंका उभी केली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकसंचावरच्या अभ्यासानं हे दोन गट एका फांदीवर बसत नाहीत असं सांगून त्यांना दोन स्वतंत्र वर्ग मानायचा प्रस्ताव मांडला. कल्ल्यांवर, एकाच माशाच्या अंगावर, शेजारी शेजारी राहणारे, अळीवरून आणि राहणीवरून जवळचे वाटणारे हे दोन कृमी भाऊ नव्हेत. ही गोष्ट पचवायला अनेक जाणत्या संशोधकांनाही जड गेली आणि त्यात काही गैर नाही.

पट्टकृमींमध्ये तर पकडीनं केलेली दिशाभूल आणखी ठसठशीत दिसते. मोरी आणि पाकट यांचं आतडं मळसूत्री असतं, आतून गोल जिन्यासारखं. त्या पायऱ्या-पायऱ्यांवर पट्टकृमी राहतात. मासा मेल्यावर ते इतक्या लवकर विरघळायला लागतात की आतडं बंदरावरच, शक्य तितक्या लवकर उघडावं लागतं. डोक्यावर चार पानांसारखे पकडीचे अवयव असलेल्या या कृमींचा एक मोठा गण होता, टेट्राफायलिडिया. चार पानं, म्हणजे एक घराणं. गेल्या वीस वर्षांत ते घराणं वाटून गेलं आहे. २००९ मध्ये ऱ्हायनेबोथ्रिडिया वेगळा झाला. २०१४ मध्ये जॅनिन कायरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकटांतल्या आकडेवाल्या पट्टकृमींना, उदाहरणार्थ अकँथोबोथ्रियमला, उचलून गोड्या पाण्यातल्या माशांच्या प्रोटिओसेफॅलस मंडळींबरोबर एका नव्या गणात बसवलं. म्हणजे आपल्या समुद्रातल्या पाकटाचा अकँथोबोथ्रियम त्याच आतड्यातल्या शेजाऱ्यापेक्षा नदीतल्या शिवड्याच्या पोटातल्या गंगेसिया या पट्टकृमीला जवळचा. समुद्र आणि नदी, पाकट आणि शिवडा, यांत केवढं अंतर! कायरा आणि कर्स्टेन जेन्सन यांच्या पुढाकारानं जगभरातल्या पट्टकृमींची जी मोठी पाहणी झाली, तिचा ग्रंथ २०१७ मध्ये आला. त्यात पट्टकृमींचे १९ गण मानले आहेत.

या टप्प्यावर मला आपल्या किनाऱ्याकडे यायचं आहे.

चोर बोंबील तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ट्रॉलरच्या जाळ्यात येतो, दात बारीक, अंग गोलसर, खवले कडक. खऱ्या बोंबलासारखी मागणी त्याला नाही. कोळ्यांनी त्याला बोंबलाचाच भाऊबंद ठरवलं, आणि मत्स्यशास्त्रही चोर बोंबलाच्या सॉरिडाला आणि बोंबलाच्या हार्पाडॉनला एकाच कुळात ठेवतं. या चोर बोंबलाच्या आतड्यात ऑन्कोडिस्कस नावाचा पट्टकृमी राहतो. डोक्यावर बारीक आकड्यांची तबकडी, बाजूच्या खाचांच्या कडा नागमोडी. जपानचे सात्यू यामागुती यांनी १९३४ साली ऑन्कोडिस्कस सॉरिडी असं त्याचं नामकरण केलं. पुढे भारतात १९५५ साली सुभप्रदा यांनी ऑन्कोडिस्कस फिम्ब्रिएटस, १९७५ साली जी. बी. शिंदे यांनी ऑन्कोडिस्कस वाल्टेरेन्सिस आणि १९८१ साली जाधव व शिंदे यांनी ऑन्कोडिस्कस महाराष्ट्री अशा जाती नोंदवल्या. ऑन्कोडिस्कस ज्या गणातला, त्या गणाची फेरतपासणी २००७-०८च्या सुमाराला झाली तेव्हा ही सगळी नावं यामागुतींच्या एका जातीत विलीन करण्यात आली. महाराष्ट्राचं नाव धारण करणारी जात आज समानार्थी नावांच्या यादीत आहे.

हे मी कुणाला उणं लेखण्यासाठी सांगत नाही. मराठवाडा विद्यापीठात शिंदे यांनी पट्टकृमींचा अभ्यास उभा केला, तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, साध्या सूक्ष्मदर्शकावर. किनाऱ्यावरून नमुने आणायचे, रंगवायचे, हातानं चित्र काढायचं. त्या पिढीनं पाहिलं नसतं तर आपल्याकडे पाहायला काहीच नसतं. पण पट्टकृमी हा अंग आवळणारा प्राणी. थंड द्रावणात टाकला तर आखडतो, गरम द्रावणात टाकला तर सैल राहतो, काचेखाली दाबला तर रुंद होतो. डोक्याचा आकार, मानेची लांबी, वृषणांची मांडणी, सगळं बदलल्यासारखं दिसतं. एकाच जातीचे दोन कृमी दोन प्रयोगशाळांत दोन जातींसारखे दिसू शकतात. अशा वेळी निकाल देणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे मूळ नमुना. तो संग्रहालयात असेल तर कुणीही उद्या उठून पुन्हा पाहू शकतं. आपल्याकडच्या पट्टकृमींच्या कितीतरी जातींचे मूळ नमुने कुठल्याही सार्वजनिक संग्रहात पोचलेच नाहीत. मग त्या जाती खऱ्या की खोट्या, हे ठरवताच येत नाही. त्या नावांना मान्यताही मिळत नाही आणि ती पुसूनही टाकता येत नाहीत. मला याचा मनस्वी खेद वाटतो, कारण त्या नावांमागे माणसांची आयुष्यं खर्ची पडली आहेत.

दुसरा धागा यजमानाचा. पाकटाला पाकट म्हणून भागत नाही. २०१२ साली गॅव्हिन नेलर आणि सहकाऱ्यांनी शार्क-पाकटांचे हजारो नमुने डीएनएनं तपासले. त्या कामामागे पट्टकृमींचे यजमान नक्की कोण, हाही एक प्रश्न होता. त्यातून दिसलं की एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. २०१६ मध्ये पाकटांच्या कुळाची फेररचना झाली आणि हिमांतुरा या एका नावाखालच्या कित्येक जाती वेगवेगळ्या नव्या प्रजातींत गेल्या. आता जुन्या शोधनिबंधात यजमान म्हणून हिमांतुरा लिहिलं असेल आणि त्या माशाचा फोटो नसेल, कातडीचा तुकडा नसेल, तर तो कुठला पाकट होता? अकँथोबोथ्रियमसारखे पट्टकृमी यजमानाच्या बाबतीत चोखंदळ. माशाची ओळख चुकली की कृमीबद्दलचं विधानही लंगडं होतं.

यजमानाची ओळख पक्की असेल तर मात्र हे कृमी समुद्राचा इतिहास सांगतात. अमेरिकेच्या नेब्रास्का विद्यापीठातले हॅरॉल्ड मँटर यांनी १९४० साली पनामाच्या दोन्ही बाजूंच्या माशांतल्या पर्णकृमींची तुलना केली. संयोगभूमी वर येऊन समुद्र दुभंगल्याची खूण त्यांना माशांच्या आतड्यांत सापडली. आणि आपली सुरमई? तिच्या प्रजातीत जगभरात १८ जाती आहेत. क्लाउस रोडे आणि क्रेग हेवर्ड यांनी २००० साली त्यांच्या आणि बांगड्या-कुपांच्या कल्ल्यांवरचे परजीवी एकत्र तपासले, आणि पूर्व पॅसिफिकमधला बेटं नसलेला अफाट पट्टा या किनाऱ्याजवळच्या माशांना आणि त्यांच्या कृमींनाही मोठा अडसर ठरला असं मांडलं. प्राइसिया ज्या कुळातला, त्या कुळातल्या कृमींनी या चित्रात भर घातली आहे.

पर्णकृमींबद्दल मी थोडक्यात बोलतो, पण एक नातं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माशांच्या रक्तात राहणारे पर्णकृमी आहेत, कासवांच्या रक्तात राहणारे आहेत आणि माणसाच्या रक्तात राहणारे शिस्टोसोमाही आहेत. हे तिन्ही एका घराण्याचे. ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनला ट्यूना पिंजऱ्यांत वाढवतात. त्या ट्यूनांच्या हृदयात कार्डिकोला फॉर्स्टेरी नावाचा असा कृमी सापडतो. त्याचा पहिला यजमान शोधायला बराच काळ गेला. २०११ साली तो सापडला एका नळीत राहणाऱ्या सागरी वलयी कृमीत. पर्णकृमींचा पहिला यजमान मृदुकाय असतो, या नियमाला माशांच्या रक्तकृमींनी अपवाद करून ठेवला आहे. आणि याच घराण्याच्या माणसातल्या शाखेनं आपल्याकडेही खूण ठेवली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी माणसांतल्या शिस्टोसोमाचं केंद्र नोंदवलं, आणि तिथल्या ओढ्यातली फेरिसिया टेन्युइस ही इवलीशी गोगलगाय त्यामागे असल्याचं पुढे आलं. गिमवीच्या ओढ्यापासून पोर्ट लिंकनच्या पिंजऱ्यापर्यंत एक वंश पसरलेला आहे.

आता कुणी विचारेल, याचा मासेमाराला काय उपयोग? उपयोग थेट आहे. पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीत निओबेनेडेनिया हा कातडीवरचा कृमी मोठं नुकसान करतो. तो पारदर्शक असतो. मासा गोड्या पाण्यात काही मिनिटं ठेवला की पांढरा पडतो आणि गळून पडतो. १९२७ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून मॅकॅलम यांनी निओबेनेडेनिया मेलेनी नोंदवला. १९५५ साली हार्गिस यांनी कॅलिफोर्नियातून गिरेली ही दुसरी जात सांगितली. १९९६ मध्ये दोन्ही एकच ठरल्या, आणि शंभरहून अधिक माशांवर राहणारा एकच कृमी, अशी समजूत पक्की झाली. २०१८ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून गिरेली पुन्हा वेगळी काढण्यात आली. किती दिवसांत अंडी फुटतात, पुन्हा उपचार कधी करायचा, बाहेरून आणलेल्या पिलांबरोबर कोण येतं, हे सगळं आपण कुठल्या जातीशी झुंजतो आहोत यावर ठरतं. आपल्या रायगडकरांच्या लाडक्या जिताड्याचंही तसंच. त्याच्या कल्ल्यांवरचा कृमी त्रिपाठी यांनी १९५७ साली डिप्लेक्टॅनम लेटेसी म्हणून नोंदवला. २००६ मध्ये बंगालच्या उपसागरातले, ऑस्ट्रेलियातले आणि दक्षिण चीनमधले नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर त्याच्यासाठी लॅटिकोला ही नवी प्रजाती करावी लागली. भारत, चीन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे जिताडा पाळतात. तिघांनाही नाव एकच लागतं.

आणि घरात मासा साफ करताना मांसात पांढऱ्या जंतासारखं काही दिसलं तर? बऱ्याचदा ती ट्रायपॅनोऱ्हिंका गटातल्या पट्टकृमीची अळी असते. चार आकडेरी शुंडा आत ओढून ती शार्क किंवा पाकटाच्या पोटात जायची वाट पाहत असते. ती माणसाच्या आतड्यात वाढत नाही. काढून टाका, मासा नीट शिजवा आणि खा. मात्र मोठी मोरी आणि मोठं पाकट समुद्रातून कमी होत गेलं तर ही वाट पाहणंही संपेल. त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातला, आपण अजून धड मोजलेलाही नाही असा, एक अख्खा प्राणिसमूह जाईल. संवर्धनाच्या यादीत तो कुणीच धरत नाही, आणि तो धरला जावा असं मला मनापासून वाटतं.

समोर प्राणिशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, म्हणून शेवटी कामाचं बोलतो. मिरकरवाडा, हर्णे, ससून डॉक, कुठेही जा. माशाचा आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून. त्याच्या स्नायूचा शेंगदाण्याएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. मळसूत्री आतडं तिथल्या तिथे उभं चिरा, समुद्राच्या पाण्यात हलवा. कृमी जिवंत असताना त्याची हालचाल पाहा आणि मग उकळीला आलेल्या खाऱ्या पाण्यात टाका, म्हणजे तो आखडणार नाही. पट्टकृमी मोठा असेल तर मधला तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये. डोकं आणि शेवटचे पक्व खंड रंगवून काचपट्टीवर. बाटलीवर, काचपट्टीवर आणि फोटोवर एकच क्रमांक, पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठीसह, कारण अल्कोहोल शाई खातं. नवी जात वाटली तर मूळ नमुना कोलकात्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत जमा करा आणि तिथला नोंदणी क्रमांक शोधनिबंधात छापा. घरच्या कपाटात ठेवू नका. चोर बोंबील बंदरावर भरपूर मिळतो आणि स्वस्त मिळतो. रत्नागिरी, चेन्नई आणि विशाखापट्टणम, तिन्हीकडचे ऑन्कोडिस्कस घेऊन, यामागुतींच्या जपानी कृमीशी डीएनए जुळवून पाहणं हे एखाद्या विद्यार्थ्यानं नक्की हाती घेण्यासारखं काम आहे. ज्याला करायचं असेल त्यानं व्याख्यान संपल्यावर मला भेटावं.